शालिमारच्या त्या तिघांना

मी केनियातल्या मोंबासाजवळच्या फ्रेरेटाऊनमध्ये सेवेला होतो. गुलामगिरीतून सुटून आपल्या नाशिकच्या शरणपूरच्या ख्रिस्ती मिशनमध्ये शिकलेली आफ्रिकी माणसं 1875च्या सुमारास तिथे जाऊन वसली, त्यामुळे ते गाव मला कधी परकं वाटलं नाही. तिथल्या स्वाहिली भाषेतल्या प्रार्थनेत ‘बाबा येतू’, म्हणजे ‘आमच्या बापा’, म्हणताना मात्र आईच डोळ्यांसमोर यायची.

जुलैत, भर पावसात, आई नाशिकच्या शालिमारला रिक्षातून उतरताना पडली. फोन आला आणि मी गुडघ्यांवर बसलो. प्रभूकडे माणसं मागितली. तुम्ही आधीच पोहोचला होतात! दवाखान्यात नेलंत, रात्रभर थांबलात, नावही न सांगता गेलात. तुमच्यातल्या ताईंनी मऊ भात आणला तो स्टीलचा डबा, झाकणाला पोचा आलेला, आईने घासून ठेवलाय.

मनापासून आभार. डबा न्यायला या, आई वाट बघतेय.