व्हिसा न लागणाऱ्या देशांची यादी छापता, मग अटीही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत व्हिसा न लागणाऱ्या देशांची यादी आली, की सोमवारी सकाळी तिची कात्रणं माझ्या काउंटरवर येतात. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, शाळेचे दाखले हा मूळ धंदा. पण हल्ली पोरं पुण्यात, बंगळूरला, जर्मनीत कमावती झालीत. आईबापांना विमानात बसवायची त्यांना हौस आहे आणि कागदपत्रांचं काम मात्र ‘दुकानातल्या ताईंकडून करून घ्या’ म्हणून फोनवर सांगतात. त्यामुळे पासपोर्ट-व्हिसाचे फॉर्म बरेच असतात. ‘ताई, थायलंडला काहीच लागत नाही, पेपरात आलंय’ असं कोणी म्हणालं की मी आधी स्टूल पुढे करते. कारण हे बोलणं दोन मिनिटांत संपणारं नसतं.

थायलंडला आपल्याला व्हिसा लागत नाही हे खरंच आहे. नोव्हेंबर २०२३ पासून ती सवलत आहे. पण १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाने, कडेवरच्या लेकरानेसुद्धा, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरायचं असतं. ‘टीडॅक’ म्हणतात त्याला. एक रुपया लागत नाही. तरीही मोबाइलवर शोधायला गेलं की सर्वांत वर पैसे उकळणाऱ्या साइट येतात, अगदी सरकारी वाटाव्यात अशा. एक निवृत्त शिक्षक नवरा-बायको माझ्याकडे नुसती प्रिंट काढायला आले होते. कार्ड पाहिलं तर खाली पावती. दोघांचे मिळून चांगले चार आकडी पैसे भरून बसले होते. खऱ्या साइटचा पत्ता ‘इमिग्रेशन डॉट गो डॉट टीएच’वर संपतो. एवढी एक ओळ तुमच्या यादीखाली असती तर मास्तरांचे पैसे वाचले असते. सिंगापूरला व्हिसा लागतोच, पण त्याशिवाय त्यांचंही आगमन कार्ड आहे, तेही फुकट. मलेशियाचं आगमन कार्डही फुकटच. या तिन्ही ठिकाणी पैसे मागणारी साइट दिसली की समजावं, आपण भलत्याच दारात उभे आहोत.

दुसरी गोष्ट पासपोर्टच्या मुदतीची. ‘पासपोर्ट अजून चार महिने चालू आहे की’ असं म्हणणाऱ्याला समजावताना माझा घसा बसतो. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया अशा बऱ्याच देशांना तिथे पोचायच्या दिवशी किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. म्हणजे दहा वर्षांचा पासपोर्ट फिरायच्या कामाला साडेनऊ वर्षंच येतो. आणि अडवणारा परदेशातला अधिकारी नसतो, मुंबईच्या विमानतळावर बोर्डिंग पास देणारी मुलगी असते. लोक तिच्यावर चिडतात. पण कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर त्याला परत आणायचा खर्च आणि वर दंड विमान कंपनीवर बसतो, मग ती कशाला सोडेल? परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग हेही तीच विचारते. व्हिसा नसलेल्या देशाला जाताना तर जास्तच विचारते, कारण तुमची आधी कोणी तपासणीच केलेली नसते.

नेपाळबद्दल तर सगळ्यांना सगळं माहीत असतं. पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ करायला आमच्याकडून दरवर्षी ज्येष्ठांचे जथे निघतात. ‘आपलंच आहे ते, आधारवर सोडतात’ हे ठरलेलं वाक्य. सोडतात, पण पासष्टी ओलांडलेल्यांना आणि पंधराच्या आतल्या मुलांना. त्यांना वय आणि ओळख पटवणारं फोटोचं कुठलंही सरकारी कार्ड चालतं. मधल्या वयाच्या मोठ्या माणसांना पासपोर्ट हवा किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आता आपल्याकडची जोडपी बघा. नवरा अडुसष्टचा, बायको एकसष्टची. त्याला आधारवर जाता येतं, तिला येत नाही. आणि मतदार कार्ड नेमकं तिचंच सापडत नसतं, किंवा सापडलं तर त्यावर लग्नाआधीचं नाव आणि असा फोटो की शेजारणही ओळखणार नाही. भूतानलाही पासपोर्ट किंवा मतदार कार्डच चालतं. तिथे वर माणशी दर रात्रीचे १२०० रुपये विकास शुल्क आहे. यादीत भूतान ‘व्हिसा नाही’ या रकान्यात दिमाखात बसलेला असतो, शुल्काचा पत्ता नसतो. चार जणांचं कुटुंब पाच रात्री राहिलं तर चोवीस हजार होतात हो! सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं आणि त्याहून लहानांना माफ आहे, तेवढाच दिलासा.

बायकांच्या नावाचा विषय निघालाच आहे तर तोही सांगते, कारण हे दुखणं खास आपल्या मुलखातलं आहे. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, सासरी सगळे त्याच नावाने हाक मारू लागले. शाळेच्या दाखल्यावर मात्र जुनं, पॅनवर जुनं, आधारवर नवं, बँकेत कधी हे कधी ते. नुसतं आडनाव बदललं असेल तर लग्नाच्या दाखल्यावर निभावतं. पाळण्यातलं नावच बदललं असेल तर ‘गॅझेट करून आणा’ म्हणतात आणि मग महिना-दोन महिने त्यातच जातात. माझं स्पष्ट मत आहे : पासपोर्ट काढायच्या आधी सगळ्या कागदांवर एकच नाव करून घ्यावं, नंतर नाही. सुनेचं नाव बदलायची घाई असलेल्या सासूबाईंनाही मी हे दुकानात तोंडावर सांगते. काहींना आवडत नाही.

नावाचा घोळ पासपोर्टपाशी संपत नाही. आपण एकमेकांना नाव आणि आडनाव एवढंच सांगतो. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव व त्यापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, असं बहुतेकांचं असतं. फोटोच्या पानावर तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, त्यात हे सगळं सलग येतं. व्हिएतनामचा ई-व्हिसा भरताना मधलं नाव गाळलं की पासपोर्टशी ते जुळत नाही. मग अर्ज पुन्हा आणि २५ डॉलर पुन्हा, आधीचे गेलेले परत मिळत नाहीत. म्हणून मी माझ्याकडच्या मुलाला सांगून ठेवलंय, गिऱ्हाईक तोंडी नाव सांगेल ते टाइप करायचं नाही, त्या दोन ओळी समोर ठेवून एकेक अक्षर बघायचं. दुबईचं आणखी वेगळं. पासपोर्टवर एका शब्दाचं नाव आणि आडनावाची जागा कोरी असेल, तर नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीत पर्यटक म्हणून येऊ देत नाहीत. आणि दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे ‘परदेशी जाण्याआधी सरकारी मंजुरी हवी’ असा शेरा असतो, त्याला उगाच घाबरू नये. ठरावीक १८ देशांसाठीची ती मंजुरी नोकरीला जाणाऱ्यांकरता आहे, फिरायला जाणाऱ्यांना ती लागत नाही.

आता युरोप. तुमच्या यादीत तो नसतोच, कारण व्हिसा लागतो. पण खरी गरज तिथल्या माहितीची आहे. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, अर्जाला जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो पडतात आणि व्हिसा नाकारला तरी ते परत येत नाहीत. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. परतीच्या तारखेनंतर तीन महिने मुदत उरलेला आणि दहा वर्षांच्या आत काढलेला पासपोर्ट लागतो. एवढं सगळ्यांना सारखंच. अडतं ते शेतकऱ्याचं.

कऱ्हाडकडचे एक बागाईतदार मुलाकडे जर्मनीला जाणार होते. माणूस खाऊन-पिऊन सुखी, दारात ट्रॅक्टर. पण अर्जाची यादी मागते आयकर विवरणपत्र, पगाराच्या स्लिपा, मालकाचं रजापत्र. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, मग विवरणपत्र कुठून आणणार? स्लिप कसली आणि रजा कोणाकडे मागायची? बँकेचं स्टेटमेंट काढलं तर महिनोन्‌महिने दोन-पाच हजारांची उलाढाल आणि मध्येच एकदम काही लाख जमा. व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्याला असा एकरकमी आकडा दिसला की उसने पैसे आणून खातं फुगवल्याचा संशय येतो. इथल्या माणसाला बघताक्षणी कळेल की ते कारखान्याचं ऊसबिल आहे, पण मुंबईत किंवा दिल्लीत बसलेल्या परदेशी अधिकाऱ्याला कसं कळावं? आम्ही काय केलं, तर सातबारा आणि आठ-अचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, कारखान्याच्या बिलाची पावती त्या जमेच्या तारखेशी जुळवून लावली, शेतीच्या उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला जोडला. वर एक साधं पत्र लिहिलं : ऊस वर्षातून एकदा तुटतो, पैसे हप्त्यांनी येतात, पुढच्या हंगामाची लागण उभी आहे म्हणून मला परत यावंच लागणार आहे. मुलाचं निमंत्रण आणि त्याने खर्चाची घेतलेली हमी होतीच. व्हिसा मिळाला. प्रत्येकाला मिळेलच असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे एजंट आमच्याकडे फ्लेक्स लावून बसलेत, ‘व्हिसाची गॅरंटी’ म्हणून. गॅरंटी देणं फक्त दूतावासाच्या हातात असतं आणि ते कोणालाच देत नाहीत.

याच एजंट मंडळींचा आणखी एक सल्ला म्हणजे जिथली अपॉइंटमेंट लवकर मिळेल त्या देशाकडे अर्ज टाका. नियम असा आहे की जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. पॅरिसला दोन रात्री, स्वित्झर्लंडला चार आणि रोमला दोन असतील, तर अर्ज स्विसांकडे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. हे ठाऊक असलं तर मे महिन्याची सहल ठरवून एप्रिलमध्ये अपॉइंटमेंटसाठी धावाधाव होणार नाही. नातवंडं बघायला वरचेवर जाणाऱ्यांना एक कामाची माहिती : एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी असा नियम आहे की तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमाने वापरले असतील तर पुढचा साधारण दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा देतात, पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असली तर. ही बातमी कुठल्या पुरवणीत ठळक छापलेली मी तरी पाहिली नाही.

यादी छापू नका असं माझं म्हणणं नाही. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्याला तीच यादी उमेद देते, हे मी रोज बघते. आणि अटी घालतात म्हणून त्या देशांवर रागावण्यातही अर्थ नाही. आपणही परदेशी पाहुण्यांना ई-व्हिसा काढायलाच लावतो. मागणी एवढीच आहे की देशाच्या नावापुढे समुद्रकिनाऱ्याच्या फोटोऐवजी चार गोष्टी छापा : पासपोर्टला किती मुदत लागते, ऑनलाइन कार्ड कोणतं, त्याच्या सरकारी साइटचा पत्ता कसा संपतो आणि माणशी शुल्क किती. नियम बदलत राहतात, म्हणून माहिती कोणत्या तारखेची आहे तेही खाली टाका. माझ्या धंद्याचं यात नुकसान होईल असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. होऊ दे, पीकविमा आहेच.

पुढच्या रविवारी केनियाच्या सफारीवर लेख येणार अशी चौकट आपण छापली आहे, म्हणून घाईने एक सुचवते. केनियानेही २०२४ पासून व्हिसा काढून टाकलाय आणि त्याजागी ऑनलाइन परवानगी आणली आहे. पण तिकडून परत येताना आपलंच सरकार पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड मागतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच घ्यावी लागते. आणि ती टोचल्यापासून दहा दिवसांनी दाखला लागू होतो, पुढे मात्र जन्मभर चालतो. जुलै-ऑगस्टच्या मोसमाला केंद्रांवर गर्दी असते. तेव्हा लेखात सिंहांचे फोटो दोन कमी झाले तरी चालतील, लसीचं तेवढं घ्या.

आपली,
एक वाचक, सातारा