चपलेच्या दोन तुकड्यांबद्दल

काका, साष्टांग नमस्कार.

तुम्ही गावी गेल्यापासून फोन लागतच नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. नातू वाचून दाखवेल. सगळ्यांसमोर लिहायला दुसरंही कारण आहे. गणपतीत आपल्या सोसायटीने घरातल्या बागांची स्पर्धा ठेवली होती. आमच्या स्वयंपाकघरातल्या रॅकला पहिला नंबर मिळाला. माइकवरून माझंच नाव घेतलं, फोटोही माझाच काढला. तुम्ही असतात तर मागच्या रांगेत बसून हसला असतात. पण तुम्ही नव्हतात, आणि बक्षिसाचा कुकर घरी आणल्यापासून मला चैन नाही. त्या रॅकवर जे काही जगलंय ते तुमच्यामुळे, हे मला सांगायलाच हवं.

सुरुवात आठवतेय ना? चाळ पाडून टॉवर झाला, पण आमची खिडकी नेमकी शेजारच्या इमारतीच्या पार्किंगकडे आली. दिवसभरात तळहाताएवढंही ऊन नाही. गच्चीला कुलूप. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी ओल्या कचऱ्याच्या जोरावर भाजी पिकवली, हे वाचून मी किती वर्षं हळहळत होते. आपल्याला गच्ची नाही तर भिंत तरी, म्हणून 12,000 रुपये मोजून मातीविना, खत घातलेल्या पाण्यावर वाढणारी बाग मागवली. चार मजली रॅक, तीन इंची पीव्हीसी पाईप, 32 भोकं, एलईडीच्या पट्ट्या, 20 लिटरची टाकी आणि छोटा पंप. विकणाऱ्याने सांगितलं होतं, बटण दाबा आणि सॅलड खा.

मे महिन्यात सगळी रोपं माना टाकून बसली. दुकानदाराने फोन उचलणं बंद केलं. मी रात्ररात्र वाचत होते. पाण्याचा सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये हवा, तो तसाच होता. खताच्या दोन बाटल्या आधी एकत्र ओतायच्या नाहीत, कारण एकीतलं कॅल्शियम दुसरीतल्या सल्फेट-फॉस्फेटला धरून तळाशी बसतं. ती चूक मी एकदा केली होती, पण आता नव्हते करत. मग मरतंय कशाने?

तुम्ही आला होतात आमचा गळका नळ बघायला. जाताना रॅकपाशी थांबलात. एक रोप उचललंत, मुळं तपकिरी, बुळबुळीत. मग टाकीत मनगटापर्यंत हात घातलात आणि म्हणालात, "पाणी तापला हा गो! मुळां शिजतत, झाडां जगतली कशी?"

एवढं सगळं वाचून पाण्यात हात घालायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. टाकी होती फ्रिजला टेकून, कॉम्प्रेसरच्या गरम हवेत. वर पंप चोवीस तास पाण्यात चालून स्वतःची ऊब त्यात सोडत होता. पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. मुळं गुदमरली की कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळं. हे नंतर मी वाचून ताडून पाहिलं. तुम्ही हात घालूनच ओळखलंत. गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर सूत तुटू नये म्हणून हवा किती दमट ठेवायची, हे गालाला कळायचं, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. 82 च्या संपानंतर गिरणी सुटली, पण ती सवय सुटली नाही म्हणायची.

टाकी मोरीच्या गार फरशीवर आली. पंपाला टायमर लागला, पंधरा मिनिटं चालू, अर्धा तास बंद. फ्रीझरमध्ये बाटल्या गोठवून दुपारी एकेक टाकीत सोडायची, हे काकूंचं डोकं. (गोणपाट भिजवून गुंडाळायचा माझा प्रयोग तुम्ही बघितलात आणि काहीच बोलला नाहीत. मुंबईच्या दमट हवेत ओलं गोणपाट नुसतं ओलंच राहतं, फारसा गारवा देत नाही, हे मला चार दिवसांनी कळलं.)

मग उतार. पाईपात एका टोकाला पाणी पडतं, दुसऱ्या टोकाने टाकीत परत येतं, मधे मुळांखालून पातळ पदर वाहायला हवा. मुळांचा वरचा भाग हवेत राहिला पाहिजे. आमच्याकडे पाणी डबक्यासारखं साचत होतं. तुम्ही लेव्हलची पारदर्शक नळी लावलीत, गवंडी लावतात तशी, आणि म्हणालात, चार फुटांना दोन बोटं. नंतर मी मोजलं. जाणकार तीस-चाळीस इंचांना एक इंच उतार सांगतात, म्हणजे चार फुटांना साधारण साडेतीन सेंटिमीटर. तुमची दोन बोटंही तेवढीच भरतात! रॅकच्या एका टोकाच्या पायांखाली तुमच्या जुन्या स्लीपरचे दोन-दोन तुकडे एकावर एक गेले, ते आजही तिथेच आहेत. परीक्षकांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, हीच तर खरी मशीन.

भिंतीपासून हातभर अंतर ठेवायला लावलंत तेव्हा मी कुरकुरले होते. जुलैत पलीकडच्या घरात ओल आली नाही, तेव्हा कळलं. टाकीला काळं झाकण बसवलंत, तेही शेवाळ धरू नये म्हणून असेल असं वाटलं. पावसाळ्यात महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या शोधत घरोघर फिरली, मनी प्लँटच्या बाटल्यासुद्धा तपासल्या, आणि आमच्या झाकणाकडे बघून पुढे गेली.

लेट्यूसचं तुम्हाला सांगते. पहिलं बी उगवलंच नाही, कारण त्याला तीसच्या आसपासच्या गरमीत झोप लागते. ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन दिवस काकूंच्या फ्रिजमध्ये, सोलकढीच्या भांड्याशेजारी ठेवलं तेव्हा जागं झालं. पाच-सहा आठवड्यांत पानं काढली, पण आमच्याकडे ती आवडीने कोणी खात नाही. खरी चालते ती मेथी. ट्रेमध्ये कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, दाट पेरायची, आठ-दहा दिवसांत कात्रीने कापायची. काकू बघून म्हणाल्या, ही तर आपली समुद्रमेथीच, फक्त किनाऱ्याची वाळू नाही. तेव्हापासून त्या मेथीला आमच्या घरात दुसरं नाव नाही, आणि चार पाण्यांनी धुवायचा त्रासही नाही. आमचं पोट काही त्यावर भरत नाही. कांदे-बटाटे मंडईतूनच येतात. दिव्यांचा खर्च आहेच, 40 वॅट रोज चौदा तास म्हणजे महिन्याला सतरा युनिट. हिशेब तुम्हीच कागदावर मांडून दिला होता, हौस म्हणून कर, बचत म्हणून नको, असं बजावून.

मी हातावर पैसे ठेवले तेव्हा तुम्ही फक्त नळाचे घेतलेत. आणि पहिली जुडी तुमच्या दारात आणली, तर काकूंनी त्याच पिशवीतून आंबोळ्या परत पाठवल्या.

कुकर मी उघडलेला नाही. तो काकूंचा आहे, खोक्यासकट ठेवलाय. पंप परवापासून घरघरतोय. आतल्या पात्याला काहीतरी अडकलं असावं, खोलून बघू का? डाव्या पायाखालचा वरचा तुकडाही झिजलाय. माझी चप्पल पातळ आहे, तिचे तीन लागतील. तुम्ही येताय तोवर थांबू, की कापू?

तुमची,
सहाव्या मजल्यावरची