अस्सल म्हणून विकलेल्या नकली गेम कॅसेटबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : ‘फायर एम्ब्लेम’ (निन्टेन्डोच्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळायच्या कन्सोलचा गेम) या कॅसेटचे पूर्ण पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी ‘फायर एम्ब्लेम’ची जुनी, अमेरिकन आवृत्तीची कॅसेट मागवली. पानावर ‘अस्सल, तपासून पाठवलेली’ असे लिहिले होते आणि किंमतही अस्सल मालाचीच लावली होती. बिलाची प्रत आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. आलेली कॅसेट नकली आहे आणि तिच्यात खेळ सेव्ह होत नाही. कन्सोल बंद करून पुन्हा चालू केला की सगळी नोंद कोरी.

यावर आपल्या ग्राहक सेवेने कळवले, की ‘गेम सुरू होतो, चित्र आणि आवाज येतो, त्यामुळे वस्तू सदोष धरता येत नाही.’ माझा मुख्य आक्षेप या उत्तराला आहे.

इंटेलिजंट सिस्टिम्सने बनवलेला आणि निन्टेन्डोने २००३ साली आणलेला हा गेम पाळीपाळीने खेळायचा आहे. आधी आपण आपले सगळे योद्धे चौकटींच्या पटावर हलवायचे, मग शत्रूची पाळी. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला आणि भाला तलवारीला, हे गणित दर चालीला मांडावे लागते. त्यात एखादा योद्धा पडला की तो गेलाच, पुढच्या प्रकरणांत लढायला परत येत नाही. उडत्या घोड्यावरची फ्लोरिना धनुर्धराच्या टप्प्यात सोडली, तर त्याची किंमत शेवटपर्यंत मोजायची. माणूस एका चालीसाठी दहा मिनिटे विचार करतो तो याच धाकाने. हा धाक टिकावा म्हणून गेम लढाई चालू असतानाही प्रत्येक चालीची नोंद आपोआप ठेवतो. कन्सोल बंद करून चूक पुसता येत नाही. ती नोंदच राहत नसेल, तर या गेममध्ये उरले काय? पहिली काही प्रकरणे पुन्हा पुन्हा खेळत बसायचे? पहिली नायिका लिन हिची कथा संपून दुसरा नायक एलिवूड याची सुरू होते, तिथवरही एका बैठकीत पोहोचणे कठीण.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर सुचवलेला उपायही नोंदवून ठेवतो : ‘गेम पूर्ण होईपर्यंत कन्सोल बंद करू नका.’ माझा गेम बॉय ॲडव्हान्स एसपी पडद्याचा दिवा लावून एका चार्जिंगमध्ये साधारण १० तास चालतो. चार्जर लावून तो दिवसेंदिवस चालूच ठेवायचा, असा याचा अर्थ होतो. असा सल्ला देण्यापेक्षा गप्प राहिलेले बरे.

‘जुना माल आहे, आतली बॅटरी संपली असेल’ असेही सांगण्यात आले. मुद्दा चुकीचा नाही. या गेमच्या अस्सल कॅसेटमध्ये सेव्ह टिकवायला बटणासारखी बॅटरी असते आणि वीस वर्षांनी ती संपू शकते. तेवढेच असते तर मी ती स्वखर्चाने बदलून घेतली असती, तक्रार केली नसती. पण दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर कॅसेट उघडली तेव्हा आत बॅटरीच नव्हती, बॅटरीची जागाही नव्हती. न उघडता दिसणाऱ्या खुणा वेगळ्याच : मागचा स्क्रू तीन पात्यांचा असायला हवा, तो साधा अधिकच्या चिन्हाचा आहे, लेबलवर दाबून उमटवलेला बारीक आकडा नाही, पिनांच्या वरच्या फटीतून बोर्डवर निन्टेन्डोचे नाव दिसत नाही. चारही बाजूंचे फोटो जोडले आहेत. ‘तपासून पाठवलेली’ म्हणजे नेमके काय तपासले, तेही कळवावे.

माझ्या मागण्या अशा : पाठवणावळीसह पूर्ण रक्कम परत करावी आणि कॅसेट आपल्या खर्चाने घेऊन जावी. तिच्या बदल्यात दुसरी कॅसेट किंवा कूपन मला नको.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (१९१५) आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्कही लागत नाही.

आणखी एक. तशीच कॅसेट, त्याच फोटोसह आणि त्याच ‘अस्सल’च्या शिक्क्यासह आजही आपल्या पानावर विक्रीला आहे. माझे पैसे द्यायला वेळ लागणार असेल तर लागो, ते पान मात्र आजच काढा.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट, कॅसेटचे फोटो.