निवडणूक राबवणाऱ्यांची स्वतःची संस्था हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रात्री साडेदहाची वेळ. मतदानाचे साहित्य जमा करून घेण्याच्या मंडपात माझ्या टेबलासमोर एक शिक्षिका उभ्या होत्या. केंद्राध्यक्ष म्हणून त्यांची पहिलीच नेमणूक. नोंदवहीत ६१२ मतदारांच्या सह्या होत्या आणि यंत्र दाखवत होते ६६२. फरक बरोबर पन्नासचा. सकाळी साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर घेतलेला मॉक पोल, म्हणजे यंत्र तपासण्यासाठीचे चाचणी मतदान, यंत्रात तसाच राहिला होता. बाईंनी व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सीलबंद केल्या होत्या, प्रमाणपत्रावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. चाचणीची मते पुसणारे ‘क्लिअर’चे एक बटण तेवढे राहून गेले. “साहेब, मला निलंबित करतील का हो?” एवढेच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. सतरा-सीचा, म्हणजे नोंदलेल्या मतांच्या हिशेबाचा, कागद त्यांच्या हातात थरथरत होता.

चूक त्यांची होती, ती मी झाकत नाही. पण ही चूक नवी नाही. मोजणीच्या वेळी अशा यंत्राचे काय करायचे, याच्या आयोगाच्या लेखी सूचनाच आहेत, इतकी ती ठिकठिकाणी होत आली आहे. आमच्याच तालुक्यात आधीच्या निवडणुकीत ती एका केंद्रावर झाली होती. तेव्हा ती निस्तरणारे अधिकारी एव्हाना दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. प्रशिक्षणाला उभे राहिलेले मास्टर ट्रेनर नवे होते. मागच्या वेळी कुठे पाय घसरला, हे सांगायला त्या सभागृहात कोणीच नव्हते.

मी मराठवाड्यात वेगवेगळ्या तालुक्यांत मिळून सतरा वर्षे निवडणूक शाखेत काढली आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. माझे म्हणणे असे आहे की निवडणूक राबवणे हे एक कसब आहे आणि त्या कसबाची जपणूक करणारी, ते करणाऱ्यांचीच एक संस्था असायला हवी. आज आपल्याकडे हे ‘जादा काम’ आहे. २०२४ च्या विधानसभेला महाराष्ट्रात १,००,१८६ मतदान केंद्रे होती. एका केंद्रावर केंद्राध्यक्ष आणि तीन मतदान अधिकारी धरले तरी चार लाखांवर माणसे होतात. जिल्हा परिषदेच्या शाळांतून, बँकांतून, पाटबंधारे आणि कृषी खात्यातून ती येतात. मंगल कार्यालयात पाचशे जण बसवून, व्यासपीठावर एक यंत्र ठेवून दोन प्रशिक्षणे होतात. मागच्या रांगेतल्याला यंत्राचे बटण दिसतही नाही. मतदान झाले की माणसे घरी जातात आणि त्यांनी त्या दिवशी जे शिकले तेही त्यांच्याबरोबर जाते.

ब्रिटनमध्ये १९८७ साली निवडणुकीचे काम करणाऱ्यांनी एकत्र येऊन ‘असोसिएशन ऑफ इलेक्टोरल अॅडमिनिस्ट्रेटर्स’ ही संस्था काढली. तिथे निवडणुका स्थानिक कौन्सिलचे कर्मचारी घेतात, त्यांचा निवडणूक आयोग मार्गदर्शन आणि देखरेख करतो. ही संस्था सरकारी नाही आणि कुठल्या पक्षाचीही नाही. ती या कामाची प्रमाणपत्र परीक्षा घेते, तिच्या वरची पदविका देते. विभागवार शाखा आहेत, तिथे शेजारच्या कौन्सिलमधली माणसे एकत्र बसून अडचणी सोडवतात. मला सर्वात मोलाची वाटते ती गोष्ट पुढची. सार्वत्रिक निवडणूक झाली की संस्था सभासदांचा अनुभव गोळा करून जाहीर अहवाल काढते आणि कायद्यात काय बदलायला हवे ते सरकारला स्पष्ट सांगते. निवडणुकीचे वेळापत्रक २५ कामकाजाच्या दिवसांचे आहे ते ३० करा, टपाली मतदानाच्या अर्जाची मुदत आणखी आधी संपवा, अनेक कायद्यांत विखुरलेल्या तरतुदी एका कायद्यात आणा. ज्याने स्वतःच्या हाताने पाकिटे भरली, त्याचे हे बोलणे असते.

आपल्याकडे संघटना नाहीत असे नाही. तलाठ्यांची आहे, महसूल कर्मचाऱ्यांची आहे, शिक्षकांच्या तर अनेक आहेत. वेतन, बदली, पेन्शन यासाठी त्या झगडतात आणि झगडायलाच हव्यात. मीही वर्गणी भरली आहे. पण यादीतली दुबार नावे कशी शोधावीत, अपंग मतदारासाठी रॅम्प कुठे बसवावा, मतदानाची वेळ संपताना रांगेतल्यांना चिठ्ठ्या कशा वाटाव्यात, यावर त्यांच्या बैठकीत चर्चा होत नाही. ते त्यांचे कामही नाही.

अशी संस्था नसल्याची किंमत गेल्या वर्षी दिसली. नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्यासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले. शाळा सांभाळून, अंगणवाडी सांभाळून घरोघर अर्ज पोचवणाऱ्या बीएलओंवर, म्हणजे केंद्रनिहाय यादीचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांवर, एवढा ताण आला की काहींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३२ खाली यादीच्या कामात कसूर केल्यास तीन महिने ते दोन वर्षे कैद आहे, आणि काही ठिकाणी त्याखाली गुन्हेही दाखल झाले. ४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना जादा माणसे द्यायला सांगितले, खरी अडचण असलेल्याची विनंती एकेक करून विचारात घ्यायला सांगितले. हा आदेश झाला तो तामिळनाडूतल्या एका राजकीय पक्षाच्या अर्जावर. ज्यांनी निःपक्ष राहायचे, त्यांचे गाऱ्हाणे न्यायालयात एका पक्षाने मांडले! ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. एका बीएलओला दिवसाकाठी किती घरे झेपतात, हे आकड्यांनिशी आधीच सांगणारी संस्था असती, तर ही वेळ आली असती का?

यावर माझे एक वरिष्ठ म्हणत, “निवडणुकीत संघटना घातली की राजकारण शिरते.” भीती रास्त आहे. म्हणूनच तिचे नियम पहिल्या दिवसापासून कडक हवेत: संप नाही, वेतनाची मागणी नाही, कुठल्या पक्षाच्या माणसाला सभासदत्व नाही, आणि आचारसंहिता चालू असताना जाहीर वक्तव्य नाही. आयोगाला आव्हान देण्यासाठी ती नको. दिल्लीत आयोगाची स्वतःची प्रशिक्षण संस्था २०११ पासून आहे आणि तिचे साहित्य चांगले असते. पण ते पाणी वरून खाली येते, खालचा अनुभव वर न्यायला पाट नाही.

महाराष्ट्रात तर याची गरज दुप्पट आहे. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे, महापालिका ते ग्रामपंचायत राज्य निवडणूक आयोगाकडे, राबणारे हात मात्र तेच. यंत्रे वेगळी, नमुने वेगळे. नगरपालिकेला एकाच मतदाराने नगराध्यक्ष आणि सदस्य अशी एकाहून जास्त मते द्यायची असतात. शिवाय विधानसभेची यादी फोडून प्रभागनिहाय करायची. हद्दीवरची एक गल्ली चुकून पलीकडच्या प्रभागात गेली की सकाळी सातला शंभर माणसे केंद्रावर ओरडत उभी. २ डिसेंबर २०२५ च्या नगरपालिका मतदानाची मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती, ती २१ तारखेला गेली. त्या पावणेतीन आठवड्यांत यंत्रे सांभाळणाऱ्यांनी काय काय निभावले, ते कुठल्या अहवालात येणार?

सुरुवात लहान चालेल. प्रत्येक जिल्ह्यातून निवडणूक शाखेत काम केलेले दोन-चार आजी-माजी कर्मचारी, त्यांनी निवडणूक संपल्यावर महिन्याभरात एक दिवस बसावे आणि झालेल्या चुका नावे न लिहिता उतरवून काढाव्यात. दोन्ही आयोगांनी तो कागद वाचण्याचे मान्य करावे. पुढे परीक्षा, प्रमाणपत्र, आणि मतदानाच्या आदल्या रात्री गोंधळलेल्या केंद्राध्यक्षाला फोन करता येईल असा अनुभवी माणूस.

त्या शिक्षिका निलंबित झाल्या नाहीत. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी अहवाल पाठवला, मोजणीला ते यंत्र बाजूला ठेवले, आणि विजयाचे अंतर मोठे असल्याने निकालावर परिणाम झाला नाही. त्या रात्री घरी येऊन मी हा सगळा प्रकार माझ्या वहीत लिहिला. अशा माझ्या नऊ वह्या झाल्या. निवृत्त होताना शाखेत आलेल्या तरुण अव्वल कारकुनाला त्या दाखवल्या, तर त्याने दोन रात्री जागून कामाचे तेवढे उतरवून घेतले. सहा महिन्यांनी त्याची बदली पुनर्वसन शाखेत झाली. वह्या माझ्या कपाटात आहेत, आणि ज्याला हव्यात त्याला मी स्वतः नेऊन देईन.

आपला,
एक निवृत्त नायब तहसीलदार, मराठवाडा