बोना राणीची जमीनमोजणी लेखातून निसटली

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत पोलंडची इटालियन राणी बोना स्फोर्त्सा हिच्यावर आलेला लेख वाचला. सोळाव्या शतकातल्या पूर्व युरोपाला मराठी वृत्तपत्राने अर्धे पान द्यावे याचा मनापासून आनंद झाला. पण त्या अर्ध्या पानात राणी दोनच रूपांत भेटते: सुनेला विष घालणारी सासू आणि पोलिश स्वयंपाकघरात भाज्या आणणारी परदेशी बाई. पोलंड-लिथुएनियात ती १५१८ ते १५५६ अशी अडतीस वर्षे राहिली. या काळात गहाण पडलेल्या जमिनी सोडवणे, त्या मोजणे आणि त्यांचा सारा बसवणे हे तिचे मुख्य काम होते. लेखात त्यावर एक ओळही नाही.

आधी चुका. बटाटे आणि टोमॅटो तिने आणलेले नाहीत. ही दोन्ही अमेरिकेतली पिके, आणि बटाट्याचा पोलंडशी संबंध जोडला जातो तो १६८३ च्या व्हिएन्नाच्या लढाईनंतर, राजा यान सोबिएस्कीच्या काळात. कोबी, काकडी, अजमोदा वगैरे भाज्या तिच्या आधीच तिथे पिकत होत्या. इटालियन माळी आणि आचारी तिच्या पदरी होते आणि दरबाराच्या ताटात पालेभाज्या वाढल्या, इतके म्हणता येते.

क्राकूव्ह या तेव्हाच्या राजधानीतल्या वावेल राजवाड्याचे श्रेयही सरसकट तिला देता येत नाही. तिचा नवरा झिग्मुंट पहिला तरुणपणी बुडा येथे हंगेरीच्या दरबारात राहिला होता, नव्या इटालियन कलेची गोडी त्याला तिथे लागली. राजवाड्यावर काम करणारा फ्लॉरेन्सचा फ्रान्चेस्को १५१६ मध्ये वारला, म्हणजे बोना क्राकूव्हला पोहोचण्याच्या दोन वर्षे आधी. वावेल कॅथेड्रलमधले सोनेरी घुमटाचे झिग्मुंट चॅपल बार्तोलोमेओ बेरेच्चीने १५१९ ते १५३३ या काळात उभारले, पण तो आराखडाही लग्नाआधीचा.

आता विषाचा आरोप. मुलगा झिग्मुंट ऑगस्ट याने १५४७ मध्ये बार्बारा राद्झिविलशी गुपचूप लग्न केले. बोनाने त्याला कडाडून विरोध केला, हे खरे. पण नवरा १ एप्रिल १५४८ रोजी वारल्यावर ती मुलींना घेऊन माझोव्हियात, वॉर्साजवळ राहायला गेली होती. बार्बाराचा राज्याभिषेक डिसेंबर १५५० मधला आणि मृत्यू ८ मे १५५१ चा, क्राकूव्हमध्ये, तोही महिनोन्महिने अंथरुणाला खिळून. विषाचा कोणताही पुरावा नाही. आजचे अभ्यासक गर्भाशयाच्या कर्करोगासारख्या आजाराची शक्यता मांडतात. दरबारात कोणी अवेळी गेले की इटालियन माणसाच्या नावाने खापर फोडायचे, ही त्या काळातली सर्रास रीत होती. लेखाने ती अफवा पुन्हा छापावी याचे वाईट वाटते.

मग पोलंड-लिथुएनियातले सरदार तिच्यावर एवढे का चिडले होते? त्याचे उत्तर गहाणखतांत आहे. लढाईसाठी पैसे लागले की राजा सरदाराकडून कर्ज घेई आणि सरकारी गावे त्याच्या ताब्यात देई. गावांचे सगळे उत्पन्न सरदार व्याज म्हणून खाई, मुद्दलातला एक पैसाही त्यातून फिटत नसे. त्यामुळे मुदत कितीही सरली तरी कर्ज तेवढेच, आणि गाव पिढ्यान्‌पिढ्या सरदाराच्याच घरात. बोनाने एकेक मुद्दल रोख भरून गावे सोडवली आणि त्यांचा कारभार स्वतःकडे घेतला. यासाठी पैसा तिच्याजवळ होता. लग्नात एक लाख दुकातांचा (सोन्याच्या नाण्यांचा) हुंडा आला होता, १५२४ मध्ये आई वारल्यावर दक्षिण इटलीतली बारी आणि रोस्सानो ही संस्थाने मिळाली होती, आणि सोडवलेल्या गावांचे उत्पन्न पुढची गावे सोडवायला लावायची अशी तिची पद्धत होती. पिन्स्क, कोब्रिन, क्लेत्स्क, ग्रोदनो, क्रेमेनेत्स अशी जुनी ठाणी तिच्या हाताखाली आली. १५३७ मध्ये तिने पोदोलियातले रूव्ह हे उजाड गाव विकत घेतले, तातारांच्या स्वाऱ्या अडवायला किल्ला बांधला आणि आपल्या बारीवरून त्याचे नाव बार ठेवले. आजही युक्रेनमध्ये ते बारच आहे. त्याच १५३७ मध्ये ल्वूव्हजवळ जमलेल्या सरदार-शिलेदारांनी बंड केले, त्यांच्या तक्रारींत राणीच्या जमीनखरेदीचा विषय ठळक होता.

जमीन हाती आल्यावर पुढचा टप्पा मोजणीचा. पूर्वी सारा कुटुंबावर किंवा चुलीवर बसे. कोणाकडे किती जमीन आहे, ती कशी आहे, याची नोंद नसे. तिच्या ताब्यातल्या भागात स्तानिस्लाव ख्वाल्चेव्स्कीने १५५२ ते १५५५ या काळात पिन्स्क आणि क्लेत्स्कची मोजणी केली. त्याची दप्तरे टिकली आहेत आणि गावागणिक, कुळागणिक वाचता येतात. हीच पद्धत झिग्मुंट ऑगस्टने १५५७ च्या कायद्याने लिथुएनियातल्या सगळ्या राजसत्तेच्या जमिनींना लावली.

ती पद्धत अशी. आधी गावाची शीव ठरवायची. शिवारात मध्येमध्ये घुसलेले सरदारांचे तुकडे काढून त्यांना कडेला तेवढीच जमीन द्यायची. मग पूर्ण शिवाराचे तीन मोठे भाग करायचे आणि प्रत्येक भाग दोरी-काठीने मापून समांतर लांब पट्ट्यांत पाडायचा. प्रत्येक कुळाला तिन्ही भागांत एकेक पट्टा मिळे. एकात हिवाळी राय हे धान्य, दुसऱ्यात वसंतातले ओट किंवा बार्ली, तिसरा पडीक, आणि दर वर्षी पाळी फिरे. तीन पट्टे मिळून एक ‘वोलोक’ होई, साधारण २१ हेक्टर, म्हणजे बावन्न एकरांच्या आसपास. घरे सरळ रस्त्याच्या कडेने ओळीत बांधायची. साऱ्याचा दर जमिनीच्या प्रतीवर ठरे: १५५७ च्या कायद्यात चांगल्या वोलोकला २१ ग्रोश (चांदीची नाणी), मध्यमला १२, हलक्याला ८ आणि अगदी हलक्याला ६. ज्या वोलोकवर वेठ असे, त्यांना आठवड्यातून दोन दिवस सरकारी शेतावर राबावे लागे, आणि सरकारी शेताच्या एका वोलोकमागे वेठीचे सात वोलोक असावेत असे प्रमाण ठरले होते.

या व्यवस्थेने खजिन्याला स्थिर उत्पन्न दिले, हे मान्य करूनही तिचे नुकसान लपवू नये. सरळ पट्टे काढायला सपाट कोरडी जमीन लागते आणि पिन्स्कच्या आसपासच्या पोलेसियाचा बराच भाग दलदलीचा. तिथे पट्टे कागदावर सरळ आणि जागेवर तुटक राहिले. पाणी काढायला कालवे खणावे लागले, कोब्रिन भागातला एक कालवा आजही बोनाच्या नावाने ओळखला जातो. रान, कुरण, मधाची झाडे यांवर गावाचा जो जुना वहिवाटीचा हक्क होता तो आकसला. वोलोकवर नाव लागले की कुळाला गाव सोडणे अवघड झाले, आणि दोन दिवसांची वेठ पुढच्या पिढ्यांत वाढतच गेली. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर हा हिशेब बोनाच्या खात्यावर लिहावाच लागतो.

या मुलखाचा महाराष्ट्राशी एक खरा धागा आहे. १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसे १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिली. त्यांतली बरीचशी पोलेसिया, वोलिन या भागांतली, म्हणजे पिन्स्क आणि क्रेमेनेत्सच्या परिसरातली. आपल्या पुरवणीत बोनाची ओळख करून देताना या भूगोलाचा नकाशा दिला असता तर कोल्हापूरकर वाचकाला तो लगेच जवळचा वाटला असता.

तिच्या वारशाबद्दल लेखात ‘वंश संपला’ एवढेच आहे. १५२७ मध्ये शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून तिची अकाली प्रसूती झाली, मूल गेले आणि पुढे अपत्य झाले नाही. एकच मुलगा उरल्याने १५७२ मध्ये तो निपुत्रिक वारला तेव्हा यागेलोन राजघराण्याचा पुरुषवंश थांबला. पण मुलींकडून वारसा चालू राहिला. आन्ना १५७५ मध्ये स्वतः सिंहासनावर निवडून आली. स्वीडनची राणी कातारझिनाचा मुलगा पुढे पोलंडचा राजा झाला. हंगेरीची राणी इझाबेला हिच्या मुलाच्या कारकिर्दीत १५६८ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातल्या तोर्दा इथल्या सभेने धर्मोपदेशकांना आपापल्या समजुतीप्रमाणे उपदेश करण्याची मोकळीक दिली.

शेवटी पैशांचा विषय, कारण विषाची खरी गोष्ट इथे आहे. १५५६ मध्ये पोलंड-लिथुएनियातली इस्टेट मुलाकडे सोपवून ती बारीला परतली. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला तिने ४,३०,००० दुकात कर्ज दिले, व्याज वर्षाला दहा टक्के, म्हणजे ४३,०००. तारण म्हणून दक्षिण इटलीतल्या फोज्जा शहराचे जकात उत्पन्न होते. डोंगरातून हिवाळ्यात आपुलियाच्या माळावर उतरणाऱ्या मेंढ्यांच्या कळपांवर ती पट्टी बसे. १९ नोव्हेंबर १५५७ रोजी ती बारीत वारली. तिच्याच कारभाऱ्याने, जान लोरेन्झो पाप्पाकोदाने, विष देऊन तिच्या नावाने मृत्युपत्र केले, त्यात बारी आणि रोस्सानो फिलिपला जात होते. शुद्धीवर आल्यावर तिने मुलाच्या नावाने दुसरे मृत्युपत्र सांगितले, पण संस्थाने स्पेनकडेच राहिली. मुद्दल पोलंडला कधीच पूर्ण मिळाले नाही, व्याजही अधूनमधून आणि तुटपुंजे आले. त्यासाठीचा पाठपुरावा अठराव्या शतकापर्यंत चालला.

लेखात राणी विष घालणारी म्हणून आली, प्रत्यक्षात विष तिला घातले गेले. निदान एवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपला,
युरोपीय इतिहासाचा एक वाचक, कोल्हापूर