जमीन सोडण्याआधी

उदगीर,
18 मार्च

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून पंधरा दिवस झाले. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात कडब्याच्या कोपीपुढे सगळे पंगतीला बसले असताना मी एकटाच खुर्चीवर का बसलो होतो, हे तू तेव्हा विचारले नाहीस आणि आता पत्रातून विचारले आहेस. त्या दिवशी मांडी घालून खाली बसलो असतो तर उठताना दोघांनी धरावे लागले असते, आणि ते पाहुण्यांसमोर नको, म्हणून भज्जी आणि आंबील मी हातात मागून घेतली. चर, म्हणजे नैवेद्याचा अंश, शिंपत शेताला फेरी घालणे तर त्याआधीच्या वर्षीच सुटले होते. चौतीस वर्षे भूकरमापक म्हणून ज्या पायांनी मी बांधाबांधाने साखळी ओढली, त्यांतला डावा पाय आता घराचा उंबरा ओलांडतानाही अडतो. येत्या 8 एप्रिलला लातूरला माझ्या डाव्या खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे.

शस्त्रक्रियेचे ऐकून, इतकी घाई कशासाठी, असेही तू लिहिलेस. मित्रा, घाई नव्हे, उशीरच झाला आहे. पहिले वर्षभर माझा गुडघा दुखत होता, निदान मला तसे वाटत होते, आणि ज्यांना दाखवले त्यांनीही गुडघाच तपासला. गुडघ्याला पट्टा झाला, तेल झाले, दोन इंजेक्शने झाली. लातूरच्या डॉक्टरांनी मात्र मला खुर्चीवर बसवून गुडघा जागच्या जागी धरला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळवून पाहिले. उजवे पाऊल सहज गेले. डावे थोडेही हलले नाही आणि जांघेत कळ उठली. खुब्याला आणि गुडघ्याला जाणारे काही मज्जातंतू सामाईक असतात, त्यामुळे झिजतो खुबा आणि दुखतो गुडघा, असे पुष्कळदा घडते असे त्यांनी सांगितले. पायाची नखे कापता येतात का, असेही त्यांनी विचारले. दीड वर्षापासून माझी नखे नातू कापतो, आणि त्याचा खुब्याशी काही संबंध असेल हे माझ्या मनातही आले नव्हते.

एक्स-रे मी घरी आणून खिडकीच्या काचेवर लावून ठेवला आहे. आपल्याकडे सगळे म्हणतात की वंगण संपले. पण खरी गोष्ट तशी नाही. मांडीच्या हाडाचा गोल माथा ओटीपोटाच्या हाडातील वाटीत फिरतो आणि दोन्हींवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. हा थर एक्स-रेत दिसत नाही, म्हणून निरोगी खुब्यात माथा आणि वाटी यांच्यामध्ये मोकळी काळी रेघ दिसते. माझ्या उजव्या बाजूला ती आहे. डाव्या बाजूला वरच्या अंगाला ती पार नाहीशी झाली असून हाडावर हाड टेकले आहे आणि कडेला हाडाचे कोंब फुटले आहेत. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे एकदा झिजलेला थर शरीर पुन्हा भरून काढू शकत नाही, आणि बाहेरून लावलेले तेल तिथवर पोहोचत नाही. हे समजले तेव्हा दोन वर्षे तेलावर आणि काढ्यांवर घातलेल्या पैशांपेक्षा त्या दोन वर्षांचे मला अधिक वाईट वाटले.

तरीही निर्णय घ्यायला मला वेळ लागला, आणि त्याचे कारण शस्त्रक्रियेची भीती नव्हती. आपले सारे आयुष्य जमिनीवर गेले. पंगत जमिनीवर, पूजा जमिनीवर, कीर्तन जमिनीवर, हुरड्याची आगटी जमिनीवर. शेताच्या बांधावर सातबारा पसरून दोन भावांची समजूत घालायची तीही जमिनीवर बसूनच. खुर्चीवर बसलेल्या माणसाशी लोक मोकळेपणाने बोलत नाहीत, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे. ती जमीन सोडायची, या विचाराने मी महिनाभर गप्प होतो. डॉक्टरांना मी सरळ विचारले. त्यांची पद्धत सांध्याला मागच्या बाजूने पोहोचण्याची आहे; त्यामुळे पहिले तीन महिने खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आतल्या बाजूला वळवायचा नाही आणि झोपताना दोन्ही पायांत उशी ठेवायची, नाहीतर नवा माथा वाटीतून निखळू शकतो. पुढे काही जणांना मांडी घालता येते, कारण मांडी घालताना गुडघे बाहेरच्या अंगाला पडतात आणि ती स्थिती त्यामानाने कमी धोक्याची असते. पण उकिडवे बसणे कायमचे सोडून द्या, असे ते म्हणाले. मी मनाशी ठरवले आहे की मांडी घालता आली तर ती वरची गोष्ट समजायची आणि तिच्या आशेवर काहीही अवलंबून ठेवायचे नाही.

म्हणून आधी घर बदलले. मोजणीची सवय उपयोगी पडली. टेप घेऊन मी घरातले प्रत्येक आसन मोजले. बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा वर राहिला पाहिजे, आणि या कसोटीला आमच्या घरातली एकच खुर्ची उतरली. पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे दिले, संडासात कमोड बसवून दोन्ही भिंतींना लोखंडी दांडे लावले, सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या, कारण वॉकरचा पाय त्यांतच अडकतो. सर्वांत अवघड गेले ते देवघर. आईने मांडलेला देव्हारा जमिनीपासून वीतभर उंचीवर होता. तुझ्या वहिनीने एक दिवस कोणाला न सांगता सुताराला बोलावले, कमरेइतक्या उंचीचे टेबल करून घेतले आणि देव त्यावर ठेवले. मी उभ्याने पूजा करू लागलो तेव्हा ती शेजारी उभी राहिली; दोघेही काही बोललो नाही.

शरीराची तयारी याहून जास्त दिवस चालली आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर 8.4 होती, ती साडेसातच्या खाली आल्याशिवाय तारीख मिळणार नव्हती, कारण साखर चढलेली असेल तर जखमेत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आता ती 7.2 आहे. एक किडलेली दाढ काढावी लागली. दाताचा आणि खुब्याचा काय संबंध, असे मीही विचारले. पण तोंडातले जंतू रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतात आणि धातूवर एकदा जंतूंनी ठाण मांडले की ते निघणे फार कठीण असते. टाचांच्या भेगासुद्धा याच कारणाने भरून आणल्या. तंबाखू सोडून नऊ आठवडे झाले. पहिले दहा दिवस मी घरातल्या सर्वांशी वाईट वागलो, आणि नंतर त्यांची क्षमाही मागितली.

काठीबद्दल मात्र तुला आवर्जून सांगतो, कारण ही चूक मी दोन वर्षे केली आणि येळवसला तुझ्याही हातात मला तीच दिसली. काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरायची नसते, विरुद्ध हातात धरायची असते. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, कारण एका पायावर तोल सावरण्यासाठी त्या बाजूचे स्नायू सांध्याला जोराने आवळतात. विरुद्ध हातातली काठी नेमके त्या स्नायूंचे काम हलके करते. मी काठी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली त्या दिवशी पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत न थांबता गेलो. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, हेही फिजिओथेरपिस्टकडूनच शिकलो. रोज सकाळी पडल्या पडल्या घोटे वरखाली करतो, मांडीचे आणि नितंबाचे स्नायू आवळून धरतो, आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतःला उचलतो, कारण वॉकरवर सारा भार दंडांनाच पेलायचा आहे.

नवा सांधा किती दिवस टिकेल, हा तुझा प्रश्न रास्त आहे. जॉन चार्न्ली या इंग्रज शल्यविशारदांनी 1962 साली धातूचा माथा आणि दाट पॉलिथिनची वाटी अशी जोडी बसवली. त्याआधी त्यांनी टेफ्लॉन वापरून पाहिले होते आणि ते लवकर झिजले. आजचे सांधे त्याच कल्पनेवर उभे आहेत. ‘लॅन्सेट’ने 2019 साली छापलेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधील नोंदींवरून असे आढळले की शंभरांतले सुमारे 58 खुबे पंचवीस वर्षे टिकतात. मी सहासष्ट वर्षांचा आहे. मला तेवढे पुरे आहे. जोखीम नाही असे नाही. जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गाठ होणे, सांधा निखळणे, पायांच्या लांबीत फरक राहणे, हे सगळे डॉक्टरांनी एकेक करून सांगितले आणि मी संमतिपत्र दोनदा वाचून सही केली. रात्री कधी कधी झोप लागत नाही, हेही तुझ्यापासून लपवीत नाही. बहुधा कमरेखालचा भाग बधिर करतील, आणि सर्व नीट झाले तर दुसऱ्याच दिवशी उभे करतील.

शस्त्रक्रियेच्या दिवशी तू येऊ नकोस. त्या दिवशी मुलगा, सून, पुतणे सगळे असतील आणि तुला बाकावर ताटकळत बसावे लागेल. पंधरा दिवसांनी ये, जेव्हा घरचे थकलेले असतील आणि मला वॉकर घेऊन गल्लीत चालताना कोणीतरी सोबत हवे असेल. तू लिहितोस की तुझा उजवा गुडघा दुखतो आणि मोटारसायकलवर टांग टाकताना जांघेत ओढ बसते. हे वाक्य मी तीन वेळा वाचले. गुडघ्याचे औषध सुरू ठेव, पण त्याचबरोबर कंबरेखालचा, दोन्ही खुबे दिसतील असा एक्स-रे काढून घे आणि येताना तो बरोबर आण. माझ्या खिडकीत सकाळी उजेड चांगला येतो. माझ्या एक्स-रेशेजारी तुझा लावून आपण दोघे ती काळी रेघ पाहू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र