मीठ घालायला लावलंत, म्हणून

आदरणीय मॅडम,

हे पत्र उघडच लिहितेय. आमच्यासारखं आणखी कुणी असेल तर त्यांच्याही वाचनात यावं.

माझा मुलगा जन्मतःच जिभेविना. सहा वर्षं मी त्याला पातळ, कुस्करलेलं आणि अळणी भरवलं. जीभच नाही तर चव कुठली, असा माझा हिशोब. तपासणीत त्याचं वजन पाहिलं जायचं, गिळणं पाहिलं जायचं. चवीचं कुणी विचारलं नाही, मीही नाही.

तुम्ही विचारलंत, तेही थेट त्यालाच. वासावरून ओळखू नये म्हणून आधी त्याचं नाक चिमटीत धरलंत. मग कापूस गुंडाळलेल्या काडीने टाळूच्या मागच्या मऊ भागाला एकेक पाणी लावलंत: साखरेचं, मिठाचं, लिंबाचं. मध्येच, त्याला न सांगता, साधं पाणी. लिंबाला त्याने डोळे मिटून खांदे वर घेतले. साध्या पाण्याला नुसती मान हलवली, काही नाही म्हणून. माझी खात्री पटली ती त्या 'नाही'मुळे.

मग कागदावर तोंडाचं चित्र काढून दाखवलंत. स्वादकलिका जिभेवर सर्वात जास्त, पण मऊ टाळूवर, घशात आणि श्वासनलिकेवरच्या झडपेवरही असतात. टाळूची चव मेंदूकडे नेते ती सातव्या मज्जातंतूची शाखा, घशाकडची नववा आणि दहावा नेतो. शेंड्याला गोड, मागे कडू हा शाळेतला नकाशाही तुम्ही खोडलात. (तो आमच्या काय कामाचा होता म्हणा! आमच्याकडे पडजीभ आहे, जीभ तेवढी नाही.)

1718 साली आंत्वान द जुसिय यांनी जीभ नसलेल्या, तरी बोलणाऱ्या एका पोर्तुगीज मुलीची हकीकत लिहून ठेवली, हेही तुमच्याकडूनच कळलं. माणूस वनस्पतिशास्त्रज्ञ, याची मला अजून गंमत वाटते.

घरी सगळ्यात उपयोगी पडलं ते तुमचं एक साधं वाक्य: घास टाळूला लागला पाहिजे. कोरडा घास फिरवायला जीभ नाही, आणि लाळेत विरघळल्याशिवाय चव कळत नाही. म्हणून आता रसाळ, गरम वाढते. गरम अन्नाचा वास घशातून नाकात चढतो. बाकी काम त्याच्या तोंडाचा तळ करतो. तो वर उचलून घास दाबायला किती पटकन शिकला!

परवा घाईत मीठ राहिलं. त्याने वाटी माझ्याकडे सरकवली आणि मिठाच्या डब्याकडे बोट दाखवलं.

तुमची ऋणी,
त्याची आई